ऊब आणि बंद दार

हिवाळा सुरू झाला की मराठी वृत्तपत्रांत काही मथळे ठरल्यासारखे अवतरतात. महाबळेश्वर 'गारठते', वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात आणि सह्याद्रीचे ते टोक 'मिनी काश्मीर' होते. मथळ्यांच्या पाठोपाठ जाहिरातींची भाषा येते : तंबूतली 'ऊबदार रात्र', चाकांवरच्या घरातली 'ऊबदार सहल'. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून हे चाकांवरचे घर आपल्याकडेही अगदीच परके राहिलेले नाही. पोलादपूर तालुक्यातले, सह्याद्रीच्या खांद्यावरचे कुडपण आजवर पावसाळ्यातल्या धबधब्यासाठी ओळखले जाई. उद्या थंडीतल्या मुक्कामासाठी ओळखले गेले तर नवल नाही. आक्षेप या सहलींना नाही. आक्षेप आहे तो 'ऊब' हा शब्द ज्या सैलपणे वापरला जातो त्याला. या सैलपणाची किंमत केवळ भाषेला मोजावी लागत नाही, म्हणून हे लिहावेसे वाटले.

मराठीत 'शेक' आणि 'ऊब' हे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांची क्रियापदेही वेगळी आहेत. शेक 'घेतला' जातो. तो विस्तवासमोर बसून, उघड्यावर, काही वेळापुरता घ्यायचा असतो. ऊब 'मिळते' किंवा 'धरली' जाते. ती गोधडीची, घोंगडीची, शेजारी निजलेल्या माणसाची असते. एक बाहेरून येते, दुसरी आपलीच असते आणि पांघरूण ती फक्त राखून ठेवते. डोंगरातल्या माणसाने हा भेद व्यवहारातही पाळला. आगटी अंगणात पेटे. अंथरूण आत असे, खाली पेंढा आणि वर वाकळ. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला धनगर माणदेशातला, कुडपणच्या परिसरातल्या धनगरवाड्या घाटातल्या. पण दोघांचा थंडीशी झालेला करार एकच : विस्तव समोर, घोंगडे अंगावर.

यावर कुणी म्हणेल, चूल तर घरातच असे. खरे आहे. पण ते घर कुडाच्या भिंतींचे आणि कौलांचे होते. त्याला शेकडो फटी होत्या आणि धूर त्यांतून वाट काढी. त्या धुराने कित्येक पिढ्यांच्या बायकांचे डोळे आणि छाती जाळली, तेव्हा त्या घराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की ते घर श्वास घेत होते. फायबरच्या भिंतींचे, रबरी पट्ट्यांनी दारे घट्ट बसणारे घर श्वास घेत नाही. नायलॉनचा तंबूही सगळ्या चेना ओढून घेतल्यावर फारसा वेगळा उरत नाही.

आपल्या काव्यपरंपरेला निखाऱ्याचे भारी आकर्षण आहे. धूर सरलेला, राखेखाली जागा असलेला निखारा हे आपल्याकडे प्रेमाचे, निष्ठेचे, दबलेल्या बंडाचे प्रतीक. वर्गात ते शिकवताना एक गोष्ट सांगायची राहून जाते : बंद खोलीत धुरापेक्षा बिनधुराचा निखाराच अधिक घातकी. धूर निदान खोकवतो, जागे करतो. कोळसा अपुऱ्या हवेत जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, झापड येते. थंडीत दमलेल्या माणसाला ही झापड सुखाची वाटते. झोपलेल्याला तर तेवढाही इशारा मिळत नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळचे ८ पर्यटक, त्यांत ४ मुले, हॉटेलच्या एकाच खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले. दारे-खिडक्या आतून बंद होत्या. आठहीजण दगावले. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातच वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये २ माणसे मृतावस्थेत सापडली. तिथे थंडी नव्हती. जनरेटर चालू ठेवून वातानुकूलन लावलेले होते आणि त्याचा विषारी वायू गाडीच्या तळातल्या छिद्रातून आत आला, असे कालिकतच्या एनआयटीतील तज्ज्ञांच्या पाहणीत आढळले. या दोन घटना शेजारी ठेवल्या की खरा शत्रू थंडी नसून बंदिस्तपणा आहे, हे लक्षात येते.

मग ऊब मिळवायची कशी? उत्तर जुनेच आहे. थंडी जितकी वरून येते तितकीच खालून येते, म्हणून अंगाखालचे अंथरूण अंगावरच्या पांघरुणाइतकेच जाड हवे. दिवसभर घामेजलेले कपडे झोपण्याआधी बदलावेत; कानटोपी आणि कोरडे मोजे घालावेत; पोटभर जेवावे; घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून पायांशी घ्यावी. शेगडी, गॅसची चूल, जनरेटर यांतले काहीही झोपण्याच्या जागेत किंवा तिच्या खिडकीलगत नको. हवेसाठी एक फट वर आणि एक खाली उघडी ठेवावी. त्याने ऊब जाते असे वाटते. पण सारे बंद केले तर आपल्याच श्वासाची वाफ भिंतींवर पाणी होऊन अंथरूण भिजवते, आणि ओल्या अंथरुणात ऊब राहत नाही. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे बॅटरीवरचे यंत्र बाजारात मिळते. चाकांवरच्या घरात ते हवेच. डोंगरात या दिवसांत गवत वाळलेले असते, तेव्हा आगटी पाण्याने विझवूनच उठावे. एक ठिणगी वणव्याला पुरते.

आणि रस्ता. जानेवारी २०२१ मध्ये कुडपणजवळ लग्नाच्या वऱ्हाडाचा ट्रक दरीत कोसळून माणसे दगावली. जुलै २०१८ मध्ये याच तालुक्यातल्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस कोसळून ३० जण गेले होते. असे उतार आणि वळणे असलेल्या प्रदेशात मागे घर जोडलेली गाडी अंधारात चढवणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. उजेडी पोहोचावे, कड्यापासून दूर, सपाट जागी थांबावे, चाकांखाली दगड लावावेत आणि गावात कुणाला तरी सांगून ठेवावे.

हे सारे साहित्याच्या अभ्यासकांना कशासाठी, असा प्रश्न पडू शकेल. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे बहुतेक महाविद्यालये ऐन थंडीत भरवतात, आणि विद्यार्थ्यांना घेऊन खेड्यात मुक्कामाला जाणाऱ्यांत मराठीचा प्राध्यापक हमखास असतो. रात्री मुलींच्या खोलीतून 'सर, शेगडी आत घेऊ का?' अशी विचारणा होते, तेव्हा त्याच्या उत्तरावर खोलीभर जीव अवलंबून असतात. शब्दांच्या नेमक्या छटांचा आग्रह आपण उत्तरपत्रिकेत धरतो. तो तिथेही धरावा. शेक अंगणात घ्या, ऊब अंथरुणात धरा आणि दार थोडे किलकिले असू द्या, एवढे सांगता आले तरी शब्दार्थ शिकवल्याचे सार्थक होईल.