परदेशातल्या कैद्यासाठी एक पत्र

ज्याला तुम्ही कधी पाहिलं नाही, ज्याची भाषा तुम्हाला येत नाही, अशा परदेशातल्या एका राजकीय कैद्यासाठी तुम्ही पत्र लिहावं, एवढी विनंती करायला हा लेख लिहितो आहे. पैसे मागत नाही, मोर्चाला या म्हणत नाही. एक कागद, एक पाकीट आणि संध्याकाळचा तासभर वेळ मागतो आहे. ‘आमच्या पत्रानं काय होणार?’ हा प्रश्न तुमच्या मनात येणारच, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

हाइन्झ ब्रान्ट हे जर्मनीतले जुने कम्युनिस्ट. हिटलरच्या काळात ते आउश्वित्झ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून जिवंत बाहेर आले. युद्धानंतर पूर्व जर्मनीत राहिले, पण तिथल्या राजवटीशी पटेना म्हणून १९५८ मध्ये पश्चिमेकडे गेले आणि फ्रँकफर्टला कामगार संघटनेच्या नियतकालिकात काम करू लागले. जून १९६१ मध्ये ते पश्चिम बर्लिनला गेले असताना पूर्व जर्मनीच्या हेरांनी त्यांना पळवून नेलं. पुढच्या वर्षी त्यांना तेरा वर्षांची शिक्षा झाली. नाझींच्या छावणीतून वाचलेला माणूस स्वतःला समाजवादी म्हणवणाऱ्या सरकारच्या तुरुंगात पडला.

इंग्लंडमधले तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल तेव्हा नव्वदीत होते. त्यांनी पूर्व जर्मनीचे सर्वेसर्वा वाल्टर उलब्रिख्त यांना ब्रान्टसाठी पत्र लिहिलं. दाद लागेना, तेव्हा पुन्हा लिहिलं. पूर्व जर्मनीच्या शांतता परिषदेनं रसेलना एक पदक दिलं होतं, कार्ल फॉन ओसिएत्स्की यांच्या नावाचं. हे ओसिएत्स्की म्हणजे नाझींनी छावणीत डांबलेले पत्रकार. ते कैदेत असतानाच त्यांना शांततेचं नोबेल मिळावं म्हणून देशोदेशींच्या लोकांनी पत्रांची मोहीम चालवली होती आणि ते त्यांना मिळालंही. एका कैद्याच्या नावाचं पदक देणाऱ्यांनीच दुसऱ्या कैद्याला कोंडून ठेवलं होतं. जानेवारी १९६४ मध्ये रसेलनी ते पदक परत पाठवून दिलं. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रान्ट सुटले.

ब्रान्टना रसेलनी सोडवलं, असं मात्र मी म्हणणार नाही. ब्रान्ट यांच्या कामगार संघटनेनं आवाज उठवला होता. कैद्यांसाठी झटणाऱ्या अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेनं त्यांचं प्रकरण लावून धरलं होतं. अनोळखी माणसांची पत्रं जात होती. यातल्या कोणत्या पत्रानं कुलूप उघडलं ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि ते शोधत बसण्याचं कारणही नाही. पत्रं येत राहिली की कैदी सांभाळणं सरकारला महाग पडू लागतं. ज्याचं नाव कुणी घेत नाही, त्याला मारहाण झाली काय, औषध मिळालं नाही काय, कुणाला जाब द्यावा लागत नाही. ज्याच्या नावानं टपाल येतं त्याच्याबद्दल तुरुंगाधिकाऱ्याला वरून विचारणा होते, वरच्याला मंत्रालयातून होते, मंत्रालयाला परदेशातल्या आपल्याच वकिलातीकडून होते. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट असताना १९७३ मध्ये लुइझ रोसी या प्राध्यापकाला अटक झाली. अ‍ॅम्नेस्टीनं तातडीच्या पत्रांची पहिली हाक त्याच्यासाठी दिली. त्याच वर्षी तो सुटला, आणि नंतर त्यानं सांगितलं की आपलं नाव बाहेर पोहोचलं आहे हे कळलं तेव्हाच आता आपल्याला हे मारून टाकू शकणार नाहीत अशी खात्री वाटली. सुटका ही शेवटची गोष्ट. त्याआधी मार थांबणं, डॉक्टर मिळणं, घरच्यांची भेट होणं, हे सगळं पत्रांनी होऊ शकतं.

रसेल मोठे होते, त्यांच्या नावाला वजन होतं, हे खरंच. त्यांनी तुरुंगही पाहिला होता. पहिल्या महायुद्धाविरुद्ध लिहिल्याबद्दल १९१८ मध्ये आणि अण्वस्त्रांविरुद्धच्या आंदोलनाबद्दल १९६१ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, ते ब्रिक्स्टनच्या तुरुंगात होते. पण ज्या मोहिमेनं पुढं सगळ्यात जास्त माणसं जोडली ती, म्हणजे अ‍ॅम्नेस्टी, साध्या माणसांच्या जोरावर उभी राहिली. पीटर बेनेन्सन नावाच्या लंडनच्या वकिलानं २८ मे १९६१ च्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये विसरल्या गेलेल्या कैद्यांवर एक लेख लिहिला आणि वाचकांना पत्रं लिहायला सांगितलं. शिक्षक, गृहिणी, पाद्री, कारकून यांचे गट गावोगाव उभे राहिले. प्रत्येक गटानं तीन कैदी घ्यायचे: एक पाश्चात्त्य गोटातला, एक कम्युनिस्ट देशातला आणि एक या दोन्ही गोटांबाहेरच्या देशातला. मला या योजनेतली ही अट सगळ्यात मोलाची वाटते. आपल्याला न आवडणाऱ्या सरकारचेच कैदी तेवढे दिसत असतील, तर ते राजकारण झालं, आणि समोरचा अधिकारी ते पहिल्या ओळीतच ओळखतो.

आता आपल्या घरचं पाहू. सांगलीचे मनोहर आपटे, म्हणजे मोहन रानडे, शिक्षक म्हणून गोव्यात गेले आणि पोर्तुगीजांविरुद्धच्या सशस्त्र लढ्यात पडले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून ते पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, पुढं त्यांना लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण रानडे तिकडंच राहिले. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात राजनैतिक संबंध नव्हते, त्यामुळं सरकारी दार बंद. मग आपल्या माणसांनी दुसरी दारं ठोठावली. सुधीर फडके यांनी रानड्यांच्या सुटकेसाठी समिती उभी करण्यात पुढाकार घेतला, पु. ल. देशपांडे त्यात होते. ज्यांची गाणी आणि पुस्तकं घरोघरी होती त्या माणसांनी परदेशातल्या एका कैद्यासाठी तगादा लावला. १९६८ मध्ये तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई परदेश दौऱ्यात पोप सहावे पॉल यांना भेटले आणि त्यांनी रानड्यांसाठी शब्द टाकला, कारण कॅथलिक पोर्तुगाल पोपचं ऐकेल. अण्णादुराई द्रविड चळवळीतले, रानड्यांशी त्यांचं ना भाषेचं नातं, ना पक्षाचं. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. प्रत्यक्ष भेटून आभार मानण्याची संधी मात्र त्यांना मिळाली नाही. ३ फेब्रुवारीला अण्णादुराई गेले.

आणि आणीबाणी? १९७५ मध्ये जयप्रकाश नारायण कैदेत असताना त्यांच्या सुटकेसाठी लंडनमध्ये मोहीम निघाली, १५ ऑगस्टला ‘टाइम्स’मध्ये जाहिरात छापून आली. जॉर्ज फर्नांडिस पकडले गेले तेव्हा विली ब्रान्ट, ओलोफ पाल्मे, ब्रूनो क्रायस्की या युरोपातल्या समाजवादी नेत्यांनी इंदिरा गांधींकडं त्यांच्या जिवाची काळजी बोलून दाखवली. मुंबईच्या बंदसम्राटासाठी स्वीडन आणि ऑस्ट्रियातून शब्द आला. ‘आपलेच प्रश्न कमी आहेत का, परदेशातल्यांचं कशाला?’ असं विचारणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे. आपल्या माणसांसाठी परक्यांनी लिहिलं आहे. आपल्या देशातल्या कैद्यांसाठीही जरूर लिहा, बोला, कोर्टात जा. पण दुसऱ्या देशातल्या माणसाच्या बाजूनं लिहिताना आपल्याला धोका कमी असतो आणि त्या सरकारला आपला स्वार्थ दाखवता येत नाही. अ‍ॅम्नेस्टीच्या गटांनी कितीतरी वर्षं स्वतःच्या देशातली प्रकरणं हाती घ्यायची नाहीत, असा नियम पाळला तो याच कारणांनी.

आता पत्र कसं लिहायचं. इथं रसेल यांच्याकडून जेवढं शिकायचं तेवढंच सावधही व्हायचं आहे.

१९५६ मध्ये रसेलनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला मॉर्टन सोबेल या अमेरिकी कैद्याबद्दल पत्र लिहिलं. रोझेनबर्ग दाम्पत्याबरोबर सोबेलवर हेरगिरीचा खटला झाला होता आणि तीस वर्षांची शिक्षा भोगायला त्याला अल्काट्राझला पाठवलं होतं. रसेलनी तो निर्दोष असल्याचं ठासून सांगितलं. सोबेल १९६९ मध्ये सुटला आणि पुढं २००८ मध्ये, एक्क्याण्णवाव्या वर्षी, आपण सोव्हिएत संघाला लष्करी माहिती दिली होती असं त्यानं कबूल केलं. त्या काळच्या अमेरिकेत भीतीचं वातावरण होतं आणि त्या खटल्यावर न्यायाच्या दृष्टीनं घेतलेले आक्षेप रास्तच होते. ‘खटला नीट झाला नाही, पुन्हा तपासा’ एवढं रसेलनी मागितलं असतं, तर त्यांचा शब्द आजही जसाच्या तसा उभा राहिला असता. म्हणून तुम्हाला सांगतो, हजारो मैलांवरून ‘तो निर्दोष आहे’ असं लिहू नका, जोवर त्याचा गुन्हा म्हणजे निव्वळ बोलणं किंवा लिहिणं आहे हे स्पष्ट नाही. उघडा खटला मागा, वकील मागा, छळ थांबवा म्हणा. या मागण्या प्रत्येक कैद्यासाठी करता येतात, अगदी ज्यानं शस्त्र उचललं त्याच्यासाठीसुद्धा.

दुसरी गोष्ट सहीची. उतारवयात रसेल यांच्या नावानं जाणारी पुष्कळ पत्रं त्यांचे चिटणीस राल्फ शोनमन लिहीत. भाषा भडक होत गेली आणि हे शब्द खरंच रसेल यांचे आहेत का, असं लोक विचारू लागले. १९६९ च्या अखेरीस खुद्द रसेलनी शोनमनशी संबंध तोडल्याचं लेखी टिपण करून ठेवलं. तेव्हा दुसऱ्यानं दिलेल्या मजकुराखाली न वाचता सही करू नका. छापील नमुना मिळाला तर त्यातली माहिती घ्या आणि पत्र स्वतःच्या शब्दांत, शक्य तर स्वतःच्या हातानं लिहा. शंभर सारखी पत्रं एकत्र बाजूला सारता येतात, वेगवेगळी शंभर पत्रं कुणाला तरी एकेक करून उघडावी लागतात.

पत्र त्या सरकारच्या संबंधित मंत्र्याला किंवा तुरुंगाधिकाऱ्याला लिहा आणि छोटं ठेवा, एका पानाचं. सुरुवातीला आपण कोण ते सांगा: ‘मी बार्शीची शाळामास्तरीण आहे’, ‘मी चिपळूणला औषधांचं दुकान चालवतो’. हे लपवायचं नसतं, उलट त्यातच पत्राची ताकद आहे. बार्शीपर्यंत ही गोष्ट पोहोचली, हे त्या अधिकाऱ्याला कळू द्या. मग कैद्याचं पूर्ण नाव, तुरुंग, अटकेची तारीख, माहीत असेल तर कलम. मग एकच मागणी. मंत्र्याला ‘महोदय’ म्हणा, त्याच्या देशाबद्दल एखादा खरा चांगला शब्द असेल तर लिहा. शिवी, धमकी, धर्माचा किंवा वंशाचा उल्लेख नको. तुमचा राग रास्त असेल, पण त्याची किंमत तुम्ही मोजणार नाही, आत बसलेला माणूस मोजेल. चांगलं इंग्रजी येत नसेल तर साधं लिहा. तेही जमत नसेल तर मराठीत लिहा आणि मुलीकडून, शेजाऱ्याकडून भाषांतर करून सोबत जोडा. एक प्रत त्या देशाच्या दिल्लीतल्या वकिलातीला पाठवा, म्हणजे वकिलातीकडून ते तिच्या सरकारपर्यंत पोहोचू शकतं.

लिहिण्याआधी एक गोष्ट मात्र नक्की पाहा. कैद्याच्या घरच्यांची किंवा वकिलाची बोभाटा व्हायला हरकत नाही ना? कधी कधी आतून बोलणी चालू असतात आणि गप्प राहणंच हिताचं असतं. विश्वासू संस्था हे विचारूनच नाव जाहीर करतात, म्हणून समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या यादीवरून लिहू नका. अ‍ॅम्नेस्टी आणि लेखकांची पेन ही संघटना अशी प्रकरणं पडताळून प्रसिद्ध करतात. तुरुंगातल्या लेखकांसाठी पेन १५ नोव्हेंबर हा दिवस पाळते. सुरुवात कुठून करावी असा प्रश्न असेल तर मी एक नाव सुचवतो, इल्हाम तोहती. हे बीजिंगमधले अर्थशास्त्राचे प्राध्यापक, चीनमधल्या उइगूर या अल्पसंख्याक समाजातले. उइगूर आणि बहुसंख्य हान या दोन समाजांत संवाद व्हावा म्हणून लिहीत होते. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांना जन्मठेप झाली.

उत्तर बहुधा येणार नाही. त्यानं खचू नका आणि एका पत्रावर थांबूही नका. एक कैदी निवडा आणि त्याच्याचसाठी लिहीत राहा. दर महिन्याला नवं नाव घेऊन सगळ्यांसाठी एकेक पत्र लिहिण्यापेक्षा एकासाठी वर्षभर लिहिलेलं कितीतरी कामाचं. चार शेजारी, वाचनालयातले दोन सभासद, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, जमतील त्यांना घ्या आणि महिन्याचा एक वार ठरवा. तुरुंगाचा नियम परवानगी देत असेल तर कैद्यालाही चार ओळी पाठवा, खटल्याचा उल्लेख न करता: इथं पाऊस कसा आहे, मुलांच्या परीक्षा कशा झाल्या. आणि पाठवलेल्या प्रत्येक पत्राची प्रत तारीख घालून फाइलला लावा, म्हणजे पुढच्या पत्रात ‘माझ्या अमुक तारखेच्या पत्राचं उत्तर मिळालेलं नाही’ असं लिहिता येईल.