निवासी शाळेला नुसता अकाउंटंट पुरत नाही

आपल्या हिंगण्याकडे कोणी निवासी शाळा काढायची म्हणतो, तेव्हा इमारत, बस, प्रिन्सिपल सगळं ठरवतो. पैसा आणि व्यवस्था कोण बघणार? "ठेवू ना भाऊ एखादा अकाउंटंट!" माझं मत स्पष्ट आहे, गाडी इथंच फसते.

बघा, फी येते वर्षातून दोन-तीनदा, पण पोरं जेवतात रोज. किराणा, दूध, गॅस, पगार थांबत नाहीत.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रही दिलं. त्या त्यागाला नमस्कारच! पण म्हणून घरचे दागिने हा आपला प्लॅन असू शकत नाही. साताऱ्यातच १९६१ पासून सैनिक शाळा आहे. सैनिक शाळांमध्ये प्राचार्य वेगळा आणि प्रशासकीय अधिकारी वेगळा असतो.

असा माणूस निवडताना डिग्री बघाच, पण हे तीन प्रश्न नक्की विचारा:

१. मे महिन्यात फी येत नाही, मग पगार कुठून काढाल?

२. माल मागवणारा, मोजून घेणारा आणि बिल चुकवणारा एकच असेल तर काय कराल?

३. मालकानेच घरखर्चासाठी शाळेचे पैसे मागितले तर?

तिसऱ्याला जो शांतपणे "नाही" म्हणेल, त्याला घ्या. पगार जास्त मागितला तरी घ्या. साळ्याला त्या खुर्चीवर बसवलं, तर तो तुम्हाला कधीच "नाही" म्हणणार नाही. आणि त्याची किंमत मेसमधली पोरं मोजतील.