लेकीच्या घरचा लांब मुक्काम

सांगलीकडील एका व्यापारी घरातील कन्या विवाहानंतर बँकॉकला स्थायिक झाली. जावई रत्नांच्या व्यापारात आहेत. बँकॉकच्या सिलोम भागात हा व्यापार करणारी भारतीय कुटुंबे बरीच आहेत, आणि आपल्या समाजातील माणसेही त्यांत आहेत. कन्येला सातवा महिना सरत आला. एरवी बाळंतपणाला लेक माहेरी येते. येथे माहेरच लेकीकडे निघाले. आईने सहा महिने राहावे आणि सोबत धाकट्या मुलाने जावे, म्हणजे तो भाऊजींच्या पेढीवर बसून धंदा शिकेल, असा बेत ठरला. वडील आम्हांस म्हणाले, "थायलंडला आता व्हिसा लागत नाही. मुदत संपत आली की दोन दिवस मलेशियाला जाऊन परत येतील. झाले!"

असे बेत आज अनेक घरांत होतात. म्हणून त्यांतील हिशेब येथे मांडतो.

भारतीय पासपोर्टधारकांना थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून ३० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश दिला आणि १५ जुलै २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांची केली. अशा प्रवेशावर इमिग्रेशन कार्यालयात १,९०० बाथ भरून आणखी ३० दिवस मागता येतात. म्हणजे एका प्रवेशात फार तर ९० दिवस. ही सवलत सरकारी निर्णयाने आली आहे आणि निर्णयानेच बदलू शकते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम पाहणे अगत्याचे आहे.

आता या आईंचा हिशेब पाहा. सातवा महिना सरताना त्या गेल्या, तर नव्वदावा दिवस उजाडेल तेव्हा बाळ जेमतेम तीन आठवड्यांचे असेल. बाळंतिणीचा सव्वा महिनाही पुरा झालेला नसेल, आणि नेमक्या त्याच वेळी आईने देशाबाहेर जाऊन परत यायचे! परतताना अधिकाऱ्याने प्रवेश नाकारला, तर ओली बाळंतीण एकटी पडणार.

ही भीती अनाठायी नाही. व्हिसामुक्त प्रवेश हा हक्क नव्हे. प्रत्येक वेळी अधिकारी नव्याने निर्णय घेतो. थायलंडच्या १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यातील कलम १२ मध्ये प्रवेश नाकारण्याची कारणे दिली आहेत. जमिनीच्या सीमेवरून व्हिसामुक्त प्रवेश एका कॅलेंडर वर्षात दोनदाच मिळतो. विमानतळावर असा ठरावीक आकडा नसला, तरी लागोपाठचे शिक्के अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील इमिग्रेशन विभागाने, सबळ कारणाशिवाय असे फेरे मारणाऱ्यांना अडवण्याचे धोरण जाहीरही केले. मलेशियाने भारतीयांना ३० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश दिला, तरी त्यामुळे थायलंडचे दार पुन्हा उघडेलच असे नाही.

मग मार्ग कोणते? पहिला, अनेक प्रवेशांचा पर्यटक व्हिसा. तो सहा महिने वैध असतो आणि प्रत्येक प्रवेशाला ६० दिवस मिळतात. मध्ये बाहेर पडावे लागते, पण हातात आधी तपासून दिलेला व्हिसा असतो आणि बाहेर जाण्याचा दिवस प्रसूतीच्या बराच आधी निवडता येतो. भारतातून हा अर्ज आता थायलंडच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर करता येतो.

दुसरा मार्ग पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी एक वर्षाच्या निवृत्ती व्हिसाचा आहे. त्यासाठी आठ लाख बाथची ठेव किंवा दरमहा ६५,००० बाथचे उत्पन्न दाखवावे लागते. शिवाय आरोग्यविमा आणि पोलिसांचा दाखलाही लागतो. दरवर्षी बराच काळ लेकीकडे राहू इच्छिणाऱ्या आईवडिलांनी याचा विचार करावा. एका बाळंतपणासाठी एवढा खटाटोप नको.

पाच वर्षांच्या 'डेस्टिनेशन थायलंड' व्हिसाविषयीही विचारणा होते. त्यावर एका वेळी १८० दिवस राहता येते आणि पाच लाख बाथची शिल्लक दाखवावी लागते. तो प्रामुख्याने परदेशी कंपनीचे काम दूरस्थपणे करणाऱ्यांसाठी आणि तेथील ठरावीक उपक्रमांत किंवा उपचारांत सहभागी होणाऱ्यांसाठी आहे. लेकीच्या बाळंतपणाला जाणारी आई त्यात बसत नाही.

धाकट्या मुलाचा प्रश्न निराळा आहे. पर्यटक म्हणून जाऊन पेढीवर बसणे हे तेथे काम ठरू शकते; पगार घेतला नाही एवढ्याने सुटका होत नाही. परवान्याविना काम केल्यास ५,००० ते ५०,००० बाथ दंड आणि हद्दपारी होते. त्याला धंदाच शिकायचा असेल, तर जावयांच्या पेढीने रीतसर बिझनेस व्हिसा आणि कामाचा परवाना मिळवून द्यावा. घरचा माणूस म्हणून आपण गल्ल्यावर सहज बसतो, पण परक्या देशाच्या कायद्याला आपले नाते ठाऊक नसते.

मुदत ओलांडण्याचा विचार तर मनातही आणू नये. दिवसाला ५०० बाथप्रमाणे २०,००० बाथपर्यंत दंड होतो. नव्वद दिवसांहून अधिक काळ जादा राहून स्वतः हजर झाल्यास वर्षभर प्रवेशबंदी, आणि तपासणीत पकडले गेल्यास ती पाच वर्षांची. व्यापारी घराला ही बंदी दंडापेक्षा महाग पडते.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पासपोर्टवरील शिक्क्यात लिहिलेली तारीख वाचावी, बोटांवर मोजू नये, कारण उतरल्याचा दिवसही मोजला जातो. जाण्यापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्रक भरावे. ते मोफत आहे. पाहुणा आल्याची नोंद २४ तासांत करणे ही घरमालकाची जबाबदारी असते, ती जावयांनी आठवणीने पार पाडावी. परतीचे तिकीट, लेकीचा पत्ता आणि खर्चाच्या तरतुदीचा पुरावा हाताशी असावा. विचारणा झाल्यास खरे कारण सांगावे. लेकीच्या बाळंतपणाला आल्याचे सांगण्यात लपवण्यासारखे काहीच नाही.

त्या कुटुंबाने अखेर सर्वांत सोपा मार्ग धरला. आई महिनाभर उशिरा, आठवा महिना सरताना निघाल्या. मुदतवाढीसह मिळालेले नव्वद दिवस प्रसूती, सव्वा महिना आणि वर काही दिवस यांना पुरले. पुढचा काळ बाळाची आजी, म्हणजे विहीणबाई, आल्या. मुलगा मात्र सांगलीतच, वडिलांच्या पेढीवर धंदा शिकतो आहे. त्याच्या कामाच्या परवान्याची कागदपत्रे तयार होत आहेत.