फुटलेली तेलवाहिनी, नासलेली विहीर आणि दीडशे वर्षांची पळवाट

१/
फलटण तालुक्यात २०२१ साली चोरट्यांनी हिंदुस्थान पेट्रोलियमच्या मुंबई-पुणे-सोलापूर इंधनवाहिनीला छिद्र पाडले. पेट्रोल शेतात पसरले, पिके करपली आणि विहिरींच्या पाण्यातही ते उतरले. चोरांना शिक्षा व्हावी, याविषयी दुमत नाही. पण ज्याची विहीर नासली, त्या शेतकऱ्याला भरपाई कोणी द्यायची? चोराने की वाहिनीच्या मालकाने? हा प्रश्न दीडशे वर्षे जुना आहे. आजचा थ्रेड त्या प्रश्नाचा इतिहास सांगतो. शेवटी माझे मतही मांडते.

२/
आधी जमिनीखाली पाहू. अशा वाहिन्या १९६२ च्या केंद्रीय कायद्यान्वये टाकल्या जातात. या कायद्याने जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. कंपनीला मिळतो तो ‘वापरहक्क’. त्या हक्काचा मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. काम करताना झालेल्या नुकसानीची भरपाई निराळी. त्यानंतर त्या पट्ट्यात शेतकऱ्याला घर बांधता येत नाही, झाड लावता येत नाही, विहीर खोदता येत नाही. पेरणी चालते. म्हणजे धोका कायमचा शेजारी येऊन राहतो आणि शेतकऱ्याने त्याच्याशी जपून वागायचे असते.

३/
आता इंग्लंडमधील लँकेशायर, १८६०. जॉन रायलँड्स या गिरणीमालकाने कंत्राटदारांकडून पाण्याचा तलाव बांधून घेतला. तळाशी जुन्या, बंद पडलेल्या खाणीची विवरे होती. तलाव भरताच पाणी त्या विवरांतून शेजारच्या थॉमस फ्लेचरच्या कोळसा खाणीत शिरले. रायलँड्सची स्वतःची चूक काहीच नव्हती. तरीही १८६८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने त्यालाच जबाबदार धरले. तत्त्व असे : स्वतःच्या लाभासाठी जो आपल्या जमिनीवर धोकादायक वस्तू आणून साठवतो, ती निसटली तर परिणाम त्यानेच भोगावे. निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही.

४/
तत्त्व भक्कम होते, पण त्याला लवकरच भगदाडे पडली. १८७६ मध्ये निकोल्स विरुद्ध मार्सलँड या खटल्यात अपूर्व पावसाने कृत्रिम तळी फुटली आणि चार पूल वाहून गेले. न्यायालयाने त्याला दैवी आपत्ती ठरवले. तळ्यांची मालकीण सुटली. १९१३ मध्ये रिकर्ड्स विरुद्ध लोथियन : मेलबर्नमधील एका इमारतीत कोणीतरी खोडसाळपणे चौथ्या मजल्यावरील बेसिन तुंबवून नळ सोडून दिला आणि खालच्या भाडेकरूचा माल भिजला. प्रिव्ही कौन्सिल म्हणाली, हे तिऱ्हाइताचे कृत्य, मालक जबाबदार नाही. फलटणचा प्रश्न या १९१३ च्या कसोटीवर घासा. भोक चोराने पाडले. म्हणजे शेतकरी रिकाम्या हाताने परत.

५/
भारताने ही पळवाट बंद केली, ती भोपाळच्या सावलीत. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ घडले. बरोबर वर्षभराने, डिसेंबर १९८५ मध्ये, दिल्लीत श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २० डिसेंबर १९८६ रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश भगवती यांच्या निवृत्तीच्या तोंडावर आलेला हा निर्णय होता.

६/
त्यात दोन गोष्टी नव्या होत्या. पहिली : घातक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे. दैवी आपत्ती नाही, तिऱ्हाइताचे कृत्य नाही, कोणताच अपवाद नाही. दुसरी : भरपाई केवळ नुकसानीच्या मापाने नव्हे, तर उद्योगाच्या आर्थिक ऐपतीच्या मापानेही ठरेल. उद्योग जितका मोठा, तितकी भरपाई मोठी. एकोणिसाव्या शतकातला, अपवादांनी पोखरलेला नियम आपल्याला पुरेसा नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. आपल्या न्यायालयीन इतिहासातल्या अत्यंत स्वाभिमानी क्षणांपैकी हा एक, असे मला वाटते.

७/
पण तत्त्व आणि तिजोरी यांत अंतर असते. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांनी विषारी गाळ उघड्यावर टाकला. तो पावसाने मुरला आणि विहिरींचे पाणी काळपट झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९८६ चे तत्त्व ठामपणे लागू केले. आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ने केलेली पाहणी या निकालाचा मोठा आधार ठरली. १९९७ मध्ये शुद्धीकरणाचा खर्च ३७.३८५ कोटी रुपये ठरला. त्यानंतर अर्जांवर अर्ज होत राहिले. २०११ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले : चक्रवाढ व्याजासह भरा, शिवाय १० लाख रुपये दाव्याचा खर्च द्या. जिंकलेल्या गावालाही दीड दशक वाट पाहावी लागली.

८/
२०१० मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा आला. त्याच्या कलम १७ मध्ये ‘दोष नसतानाही जबाबदारी’ हे तत्त्व लिहिलेले आहे. त्याहून महत्त्वाची त्यातली ‘अपघात’ या शब्दाची व्याख्या. घातक पदार्थ हाताळताना आकस्मिक, अचानक किंवा अनपेक्षित घडलेली घटना म्हणजे अपघात. कंपन्या हा शब्द हात झटकण्यासाठी वापरतात : अपघात झाला, आम्ही काय करणार? कायदा मात्र याच शब्दापाशी भरपाईचे दार उघडतो. अपघात झाला? मग हिशेब सुरू.

९/
महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा नमुना पाहा. ४ ऑगस्ट २०११ रोजी ‘एम. व्ही. रॅक’ हे जहाज दक्षिण मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. जहाजात ६०,०५४ टन कोळसा आणि इंधनतेल होते. ध्वज पनामाचा, मालकी कतारस्थित समूहाची, कोळसा अदानी एंटरप्रायझेसचा. समीर मेहता यांच्या अर्जावर २३ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायाधिकरणाने जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी आणि मालवाहतूक करवून घेणाऱ्या कंपनीला ५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. हानीचा रुपयांत नेमका हिशेब मांडणे अवघड असल्याने काही प्रमाणात अंदाजाचा आधार घ्यावा लागला. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा.

१०/
आता एक आक्षेप. चोराच्या पापाची शिक्षा कंपनीला का? उत्तर असे की ही शिक्षा नव्हे, खर्चाची वाटणी आहे. वाहिनीच्या मार्गावर चोरी होते, हे कंपनीला ठाऊक असते. दाब मोजणारी यंत्रे, गस्त, विमा हे सारे तिच्या हाती आहे. शेतकऱ्याच्या हाती यांतले काहीही नाही. चोराकडून वसुली कंपनीने खुशाल करावी; तोवर शेतकऱ्याला ताटकळत ठेवू नये. नफ्याच्या ताळेबंदात धोक्याचा खर्च धरलेला नसेल, तर तो खर्च कोणाच्या तरी शेतात लपवलेला असतो.

११/
नदीचे उदाहरण घेण्यासाठी अमेरिकेत जावे लागेल. २५ जुलै २०१० रोजी मिशिगन राज्यातील मार्शलजवळ एनब्रिज कंपनीची ‘६ ब’ तेलवाहिनी फुटली. टॅलमेज ओढ्यातून तेल कॅलमझू नदीत गेले, सुमारे ३२ लाख लिटर. नियंत्रण कक्षात धोक्याचे इशारे वाजत होते; कर्मचाऱ्यांनी त्यांचा चुकीचा अर्थ लावून पंप दोनदा पुन्हा सुरू केले. १७ तासांहून अधिक काळ कोणाच्या लक्षात आले नाही. शेवटी बाहेरच्या एका गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्याने कळवले. एकूण गळतीपैकी ८१ टक्के तेल त्या दोन पुनर्सुरुवातींत सांडले.

१२/
हे आपल्याला इतक्या बारकाईने ठाऊक आहे, कारण तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये संपूर्ण तपास अहवाल प्रसिद्ध केला. वाहिनीतील दोष २००५ च्या तपासणीतच दिसले होते, हेही त्यातून उघड झाले. २०१६ मध्ये एनब्रिजने इलिनॉयमधील आणखी एका गळतीसह १७ कोटी ७० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. त्यात ६ कोटी २० लाख डॉलर दंड होता. सफाईचा खर्च त्याहून कितीतरी अधिक झाला. कंपनीला बांधून ठेवले ते तिच्याच कक्षातील नोंदींनी.

१३/
आपल्याकडे वारे उलट्या दिशेने वाहत आहेत. पर्यावरण संरक्षण अधिनियमाच्या भंगाला पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती तरतूद काढली आणि १ एप्रिल २०२४ पासून तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. जुन्या खटल्यांत कैद क्वचितच होत असे, हे मान्य. पण १५ लाख ही रक्कम तेल कंपनीच्या हिशेबात किती, हे १९८६ च्या पीठाने विचारले असते. ऐपतीच्या मापाचा तो विचार दंडाच्या कलमातून गळून पडला आहे.

१४/
आता माझे मत. निरपवाद जबाबदारीने दोष सिद्ध करण्याचे ओझे उचलले. नुकसान सिद्ध करण्याचे ओझे मात्र पीडितावरच राहिले. विहीर नासली हे दाखवायचे, तर ती आधी कशी होती हे दाखवावे लागते. ‘रॅक’च्या खटल्यात अंदाज का लागला, ते इथे कळते. बिछडीत ‘नीरी’चा अहवाल का मोलाचा ठरला, तेही. म्हणून माझी मागणी दुहेरी आहे. प्रत्येक तेलवाहिनीच्या दोन्ही बाजूंच्या विहिरी आणि ओलांडलेल्या नद्या यांच्या पाण्याची तपासणी कंपनीच्या खर्चाने, स्वतंत्र प्रयोगशाळेकडून दरवर्षी व्हावी आणि अहवाल ग्रामपंचायतीत लावले जावेत. गळतीचा तपास अहवालही लोकांना वाचायला मिळावा.

१५/
मी मानोऱ्याची. आमच्या शेताखालून तेलवाहिनी जात नाही. तरीही अरुणावतीचे पाणी पैनगंगेला, तिथून वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीला मिळते. वरच्या अंगाला काय सांडले, हे खालच्या गावाला भोगावे लागते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्या आकड्यांशेजारी आपल्या विहिरीचा एक तपासणी अहवाल, तारखेसह, सातबाराच्या फाइलमध्ये का असू नये? हरित न्यायाधिकरणात भरपाई मागायला घटनेपासून पाच वर्षांची मुदत असते. आधीचा कागद मात्र नंतर तयार करता येत नाही.

१६/
इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण जुन्या दप्तरांतून मोडी कागद हुडकतो, एखाद्या नोंदीवरून वतनाचा वाद उलगडतो. आजच्या विहिरीची नोंद हाही तसाच कागद आहे. तो लिहिण्याचे काम या खेपेस आपल्याकडे आले आहे, एवढाच फरक. तुमच्या गावच्या विहिरीची किंवा नदीची जुनी तपासणी कोणाकडे जपलेली असेल, तर खाली जरूर कळवा. पुढच्या थ्रेडमध्ये तिथून सुरुवात करू.