पिकअप गाडी : विकत घ्यावी की भाड्याने सांगावी?

शेतात पिकलेला माल वेळेवर व धडधाकट स्थितीत बाजारात पोहोचला, तरच त्याचा पैसा होतो. ही गोष्ट शेतकरी बंधूंस नव्याने सांगावयास नको. पूर्वी हे काम बैलगाडीने केले, पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने केले. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ह्या दोहोंच्या जोडीला पिकअप ही मध्यम आकाराची मालमोटार आली आहे. लासलगावच्या कांदा लिलावात ट्रॅक्टरांच्या रांगेशेजारी पिकअप गाड्यांची रांग उभी असते. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट भरून याच गाड्या येतात. गावात एकाने गाडी घेतली की दुसऱ्याच्याही मनात ती घ्यावी असे येते, आणि कर्ज देणाऱ्या संस्थाही दाराशी येऊन उभ्या राहतात. अशा वेळी ह्या गाडीचे गुण व दोष एकाच तराजूत घालून पाहणे अगत्याचे आहे.

आमचे मत आरंभीच सांगतो. पिकअप ही कामाची गाडी आहे. परंतु केवळ स्वतःच्या शेतमालाच्या भरवशावर ती विकत घेणे बहुतेक लहान शेतकऱ्यांस परवडणारे नाही. असे का, ते पुढे दिले आहे.

गाडीचे गुण

बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त ह्या वर्गातील गाड्या नमुन्याप्रमाणे साधारणतः सव्वा ते पावणेदोन टन माल नेतात. २००५ साली बाजारात आलेला व ‘छोटा हत्ती’ ह्या नावाने खेडोपाडी ओळखला जाणारा टाटा एस हा आरंभी सुमारे पाऊण टन माल नेत असे. उलटपक्षी ट्रकला एका शेतकऱ्याचा माल पुरत नाही व तो अरुंद शिवार-रस्त्याने वस्तीपर्यंत येऊ शकत नाही. पिकअप ह्या दोहोंच्या मधली आहे. तीस गोणी कांदा, म्हणजे गोणीस ५० किलोप्रमाणे दीड टन माल, बांधावरून उचलून थेट बाजारात नेण्यास ती सोयीची पडते.

दुसरा गुण वेगाचा. ट्रॅक्टर-ट्रॉलीस ज्या अंतराला तीन तास लागतात ते अंतर पिकअप तासा-दीड तासात कापते. तोडलेला टोमॅटो, भाजीपाला, फुले अशा नाशवंत मालास हा फरक मोलाचा आहे. शिवाय जवळच्या बाजारात भाव पडला असता दूरच्या बाजारात माल नेण्याचा मार्ग मोकळा राहतो. नाशिककडील शेतकरी रात्री माल भरून पहाटे वाशीच्या बाजारात उतरवू शकतो, तो ह्याच वेगामुळे.

तिसरा गुण बांधणीचा. ह्या गाडीचा सांगाडा शिडीसारख्या जाड पोलादी चौकटीचा असतो व मागील बाजूस पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. खाचखळग्यांच्या रस्त्यावर ही बांधणी टिकाऊ ठरते, व तुटलेली पाटी तालुक्याच्या गावी बदलून मिळते.

गाडीचे दोष

ज्या गोष्टी गुण म्हणून सांगितल्या त्यांतूनच काही दोष उद्‌भवतात. मागील पाट्या भारासाठी कठीण केलेल्या असल्यामुळे अर्धी भरलेली गाडी फार आदळते, आणि टोमॅटो, द्राक्षे, पपई असा नाजूक माल वाटेतच चेचला जातो. अशा मालासाठी क्रेट घट्ट लावणे, खाली जाड अंथरण घालणे व गाडी सावकाश हाकणे हाच उपाय होय.

बहुतेक पिकअप गाड्यांत इंजिनाची शक्ती केवळ मागील चाकांस मिळते. गाडी रिकामी असली म्हणजे मागील बाजू हलकी होते. त्यामुळे पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर चाके जागच्या जागी फिरतात, आणि ओल्या डांबरी रस्त्यावर जोराने ब्रेक दाबल्यास गाडी घसरते. ज्यांची वस्ती पक्क्या रस्त्यापासून दूर आहे त्यांनी पावसाळ्याचे चार महिने ही गाडी शेतापर्यंत येईलच असे गृहीत धरू नये. त्या दिवसांत बैलगाडी किंवा ट्रॅक्टर हेच खरे.

हौद उघडा असल्यामुळे उन्हाने पालेभाजी सुकते. ताडपत्री घट्ट ओढल्यास आत उष्णता कोंडते. म्हणून ताडपत्री कमानीवर टाकून मालावरून हवा खेळती ठेवावी. तसेच १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांस भारत स्टेज ६ हे धुराचे निर्बंध लागू आहेत. त्यांच्या इंजिनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते, व गावच्या मिस्त्रीस केवळ पान्यांच्या साहाय्याने दोष सापडतोच असे नाही. गाडी घेण्यापूर्वी अधिकृत दुरुस्ती केंद्र किती अंतरावर आहे ह्याची चौकशी अवश्य करावी.

हिशेब मांडून पाहा

आता मुख्य प्रश्न खर्चाचा. पुढील आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या गावचे आकडे घालावेत.

समजा, गाडी १० लाख रुपयांस पडली. २ लाख रोख दिले व ८ लाखांचे कर्ज दरसाल १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले. त्याचा मासिक हप्ता सुमारे १७,००० रुपये येतो, म्हणजे वर्षास २,०४,००० रुपये. विमा, टायर व देखभाल ह्यांसाठी वर्षास ६०,००० रुपये धरले, तर एकूण २,६४,००० रुपये होतात. गाडी दारात उभी राहिली तरी ह्या रकमेचा बहुतेक भाग भरावाच लागतो.

समजा, बाजाराची जाऊन-येऊन एक खेप ६० किलोमीटरची आहे. लिटरमागे १२ किलोमीटर धरल्यास ५ लिटर डिझेल लागेल; लिटरचा भाव ९० रुपये धरल्यास ४५० रुपये झाले. हीच खेप भाड्याच्या गाडीने केल्यास २,००० रुपये पडतात असे धरू. म्हणजे स्वतःच्या गाडीने प्रत्येक खेपेस १,५५० रुपये वाचले. २,६४,००० रुपये भरून निघण्यास वर्षात सुमारे १७० खेपा झाल्या पाहिजेत. ह्यात चालविणाऱ्याची मजुरी धरलेली नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता शेताकडे वळू. दोन एकर कांदा, एकरी १०० क्विंटल उतारा, म्हणजे २० टन माल. दीड टनाच्या हिशेबाने ह्याच्या चौदा खेपा होतात. एक एकर टोमॅटोच्या तोडण्या, खते-बियाणे व इतर किरकोळ कामे मिळून आणखी पंचवीस-सव्वीस खेपा धरल्या, तरी वर्षाच्या चाळीसच खेपा झाल्या. ह्या चाळीस खेपांवर २,६४,००० रुपये वाटले तर प्रत्येक खेप डिझेलसह ७,०५० रुपयांस पडते. भाड्याने हेच काम २,००० रुपयांत होत होते!

दारी हत्ती झुलणे हे वैभवाचे लक्षण मानले जाते. परंतु त्या हत्तीस बाराही महिने चारा लागतो. पिकअपचा चारा म्हणजे खेपा. त्या स्वतःच्या शेतातून मिळत नसतील तर दुसऱ्याचा माल वाहून मिळविल्या पाहिजेत. ज्याच्या घरात गाडी चालविणारा तरुण आहे, ज्याच्या गावाजवळ दूध, भाजीपाला किंवा फुलांची रोजची वाहतूक आहे, त्याला ही गाडी चांगला जोडधंदा देऊ शकते. मात्र हा शेतीखेरीज दुसरा धंदा आहे, असे समजूनच त्यात उतरावे. त्यासाठी गाडीची नोंदणी मालवाहतुकीची असली पाहिजे. भरलेल्या गाडीचे कमाल वजन ३,००० किलोहून अधिक असल्यास मालवाहतुकीचा परवानाही घ्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट. हप्ता दरमहा येतो. पिकाचा पैसा हंगामात येतो, आणि कांद्याचा भाव कोसळला तर तोही येत नाही. म्हणून कर्ज घेताना हंगामाप्रमाणे सहामाही हप्ता बांधून मिळेल काय, हे बँकेस प्रथम विचारावे.

भार आणि माणसे

हप्त्याच्या ओझ्याखाली मालक गाडीत जादा माल भरू लागतो. दीड टनाच्या गाडीत तीन टन भरल्याने खेपा निम्म्या होतात हे खरे. परंतु गाडी थांबविताना ब्रेकवर पडणारे काम वाढते, टायर तापून फुटतात व सांगाड्यास तडे जातात. कसाऱ्यासारख्या घाटात अशी गाडी आवरणे कठीण होते. नोंदणी पुस्तकात रिकाम्या गाडीचे वजन व भरलेल्या गाडीचे कमाल वजन दिलेले असते. ह्या दोहोंतील फरक हीच मालाची मर्यादा होय. हौदावर लोखंडी पिंजरा बसविला असल्यास त्याचे वजनही ह्यातूनच वजा करावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जादा भारास २०,००० रुपये व त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. वर मांडलेल्या हिशेबाने एका दंडात तेरा-चौदा खेपांची बचत जाते.

ह्याहून गंभीर बाब माणसांची आहे. शेतमजूर, वऱ्हाडी, यात्रेकरू ह्यांना हौदात बसवून नेण्याची रीत सर्रास दिसते. १९९४ च्या कायदा-दुरुस्तीने मालवाहू गाडीतील मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी ह्यास सक्तीच्या विम्याचे संरक्षण मिळाले. फुकट नेल्या जाणाऱ्या इतर प्रवाशांस ते नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. म्हणजे अपघात झाल्यास मजुराच्या घरचा कर्ता जातो, आणि भरपाईचा बोजा गाडीमालकाच्या जमिनीवर येऊ शकतो. हौद मालासाठी आहे. माणसांसाठी निराळे वाहन सांगावे. त्याचे चार पैसे अधिक पडले तरी ते देणे हेच शहाणपणाचे व माणुसकीचे आहे.

मग मार्ग कोणता?

ज्यांच्या खेपा थोड्या आहेत त्यांनी गाडी भाड्याने सांगावी. शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी तोडणीचा दिवस एक धरून एकत्र माल पाठविल्यास भाडे वाटले जाते व गाडीही भरून जाते.

जेथे गावात माल पुष्कळ आहे तेथे आठ-दहा शेतकऱ्यांचा गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी ह्यांनी गाडी घ्यावी. दहा घरांच्या चाळीस-चाळीस खेपा म्हणजे चारशे खेपा. ह्यात चालकाचा पगारही निघू शकेल. मात्र हंगामात सर्वांची घाई एकदम होते. म्हणून पाळी कशी लागेल, खेपेचा दर काय राहील, दुरुस्तीसाठी किती रक्कम बाजूस ठेवावयाची व गाडी कोणाच्या ताब्यात राहील, हे गाडी येण्यापूर्वीच लिहून ठरवावे. प्रत्येक खेपेची नोंद वहीत व्हावी. सामाईक वस्तू बहुधा यंत्राच्या दोषाने मोडत नाही. ती हिशेबाच्या अभावी मोडते.

ग्रामकार्यकर्त्यांस आमची सूचना अशी की, कोणी शेतकरी गाडीच्या कर्जाबद्दल सल्ला विचारावयास आला, तर त्यास नाउमेद करू नये व भरीसही घालू नये. त्याच्याबरोबर बसून गेल्या वर्षी त्याने भाड्याच्या किती खेपा केल्या व किती रुपये दिले, एवढे कागदावर मांडावे. हे दोन आकडे समोर आले म्हणजे गाडी घ्यावी की सांगावी ह्याचे उत्तर त्याचे त्यालाच मिळेल.