विश्लेषण : अपघातग्रस्तांवरील उपचारांसाठी डॉक्टरांना प्रत्यक्ष सराव का हवा?

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. जखमींवर उपचारांचा क्रम ठरलेला आहे : जीवघेणा बाह्य रक्तस्राव थांबवणे, श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, मेंदूची स्थिती, मग संपूर्ण शरीराची तपासणी. हा क्रम शिकवणारा ‘एटीएलएस’ अभ्यासक्रम अमेरिकेत १९७८ मध्ये सुरू झाला.

क्रम पाठ असणे पुरेसे का नाही?

छातीत साठलेल्या हवेचा दाब फुफ्फुस व हृदयावर येतो, तेव्हा एक्स-रेची वाट न पाहता सुई किंवा नळी घालून ती बाहेर काढावी लागते. लहान रुग्णालयात असा रुग्ण क्वचितच येतो. म्हणून डॉक्टरांचा हात आधी पुतळ्यावर बसावा लागतो. ‘एटीएलएस’ प्रमाणपत्राची मुदत चार वर्षे असली, तरी सराव सुटल्यास कौशल्य त्याआधीच ओसरते. त्यामुळे महामार्गांलगतच्या रुग्णालयांत हा सराव नियमित व्हायला हवा.