गाव विचारलं आणि प्रोग्राम पडला

सी च्या लॅबमधला पहिला प्रोग्राम ठरलेला: नाव, गाव, रोल नंबर विचारा आणि छापा. सीनियरच्या जर्नलमधून आपण तो उतरवतो, गेट्ससकट. माझं स्पष्ट मत आहे, जर्नलचं हे पान आता फाडावं.

माझं गाव केदारखेडा, तालुका भोकरदन. गावासाठी २० कॅरेक्टरचा अ‍ॅरे. इंग्रजीत दहा अक्षरं, आरामात बसतात. परवा लिनक्सवर (जुन्या स्टँडर्डचा फ्लॅग देऊन, वॉर्निंगकडे काणाडोळा करून) गाव मराठीत टाइप केलं आणि 'स्टॅक स्मॅशिंग' म्हणत प्रोग्राम आडवा! म्हणायला पाचच अक्षरं, पण काना-मात्रा वेगळे धरले की नऊ चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे २७, शेवटचा शून्य धरून २८. अ‍ॅरे केवढा आहे हे गेट्सला सांगायची सोयच नाही, मग आठ बाइट शेजारच्याच्या घरात घुसणारच. १९८८ साली मॉरिस वर्म युनिक्सच्या फिंगर सर्व्हरमध्ये याच दारातून शिरला होता. २०११ च्या स्टँडर्डने गेट्स काढूनच टाकलं. आपण मात्र व्हायव्हात त्याचा सिंटॅक्स पाठ म्हणतो.

स्कॅनएफही काही साधा नाही. आमच्याच तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई टाइप करा. पर्सेंट-एस स्पेसपाशी थांबतो, 'रेणुकाई' बफरमध्ये राहते आणि पुढच्या 'तालुका?' या प्रश्नाचं उत्तर होऊन बसते. रोल नंबरनंतरचं एंटर असंच मागे उरतं, मग पुढची ओळ वाचणारं फंक्शन नाव न विचारताच पुढे पळतं. त्यावर सगळे एफफ्लश-एसटीडीइन मारतात. टर्बो सीमध्ये चालायचं, कबूल. पण इनपुटवर एफफ्लश केल्यावर काय व्हावं हे स्टँडर्डने सांगितलेलंच नाही.

पूर्ण ओळ एफगेट्सने घ्या, शेवटचं एंटर काढा, आकडा हवा असेल तर त्या ओळीतून एसस्कॅनएफने काढा. एवढंच शिकवायला अर्धा तास पुरे.

अर्थात अ‍ॅरे २० चाच ठेवला तर एफगेट्स १९ बाइट घेतो. प्रोग्राम पडत नाही, पण गाव 'केदारख' होतं, पुढे एक तुटका बाइट, आणि उरलेलं गाव पुढच्या प्रश्नाच्या वाट्याला. तेव्हा सर, नव्या जर्नलमध्ये अ‍ॅरे निदान १०० चा धरा, आणि ओळीच्या शेवटी एंटर सापडलं का तेही तपासायला लावा.